लांब टेबलासाठी अर्ज

माणूस एकटा असतो तोवर त्याला सवयी असतात. बघायला दुसरा माणूस आला की त्याच सवयींचे नियम होतात, आणि सत्तावीस माणसं आपापले नियम घेऊन एका खोलीत बसली की त्याला मंडळ म्हणतात. गोधडी मंडळ हे या प्रगतीचं अत्यंत गोड फळ आहे. गेली चौदा वर्षं दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच ते लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये भरतं. खालच्या वाफेमुळे हॉलची फरशी कायम कोमट असते, त्यामुळे भर हिवाळ्यातही सभासद वह्यांनी वारा घेत गोधडीवर चर्चा करतात. थंडीचा विचार शांतपणे करायचा तर आधी उकडत असावं लागतं, असं मंडळाचं मत आहे.

गोधडी शिवायला तसं काही लागत नाही. वर कापडाचे तुकडे जोडायचे, खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि तिन्हींतून टाके. पण एवढ्यावरच सगळे थांबले असते तर जगात नुसती पांघरुणं झाली असती. मंडळाने त्यापलीकडे पाहिलं. इथे प्रत्येकाला स्वतःचे नियम असतात आणि ते एका जाड नियमवहीत नोंदवलेले असतात. या हिवाळ्याच्या सुरुवातीला वहीत सहाशे त्रेचाळीस नियम होते. (त्यांत 'डावीकडून सुरुवात' आणि 'उजवीकडून सुरुवात' हे दोन वेगळे धरलेले आहेत, आणि दोन्ही एकाच बाईंचे आहेत.)

अध्यक्षा पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा नियम असा की रागात असताना कात्री हातात घ्यायची नाही. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी कात्री हातात घेतलेली नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई प्रत्येक तुकड्याला बरोबर बत्तीस टाके घालतात. एकतिसाव्याला दोरा संपला तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. वकीलबाई प्रत्येक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण निर्दोष वस्तू करणं हा उद्धटपणा झाला. त्यांच्या गेल्या गोधडीत एकशे चाळीस चुका मोजल्या गेल्या. त्यांतली मुद्दाम केलेली कोणती, हे त्यांना स्वतःलाही सांगता येईना, म्हणून ती गोधडी अजून निकालावाचून पडून आहे. नियमवही सांभाळणारे ग्रंथपाल नवीन कापड घरात आलं की त्याला चाळीस दिवस रुळू देतात. मध्येच दुसरं कापड आलं तर आधीचं बिचकतं, मग मोजणी पुन्हा एकपासून. त्यांच्याकडे सध्या तीनशे बारा कापडं रुळताहेत.

या शिस्तीचं फळ हॉलमधल्या काचेच्या कपाटात दिसतं. तिथे एकूण नऊ गोधड्या नीट घडी करून, डांबरगोळ्या घालून, कुलपात ठेवलेल्या आहेत. चौदा वर्षांत नऊ म्हणजे नवख्याला आकडा लहान वाटतो. पण सहाशे त्रेचाळीस भागिले नऊ करून बघा, एका गोधडीमागे एकाहत्तर नियम पडतात. (नऊपैकी सहा गोधड्या एका तात्पुरत्या सभासदाने घरून आणलेल्या आहेत. त्या वगळल्या तर सरासरी दोनशे चौदावर जाते, म्हणून वगळतात.)

हा तात्पुरता सभासद म्हणजे ऑपरेटरबाई. एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून त्यांनी लोकांना 'कृपया लाइनवर थांबा' असं सांगितलं होतं, आणि लोक थांबले होते. त्यामुळे थांबलं की काम होतं, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. दोन वर्षांपूर्वी मंडळात नाव घालायला आल्या तेव्हा नमुना म्हणून आपल्या सहा गोधड्या टॅक्सीत घालून घेऊन आल्या. मोठ्या बाईंनी विचारलं, "तुमचे नियम काय?"

"नियम कसले? थंडी असते, म्हणून शिवते."

हॉलमध्ये कोणीतरी वही खाली ठेवली. वकीलबाईंनी हळुवारपणे विचारलं, "म्हणजे, नियम असा काहीच नाही?"

"नाही बाई."

मंडळ निर्दय नाही. त्यांना तात्पुरतं सभासद करून घेण्यात आलं आणि त्या सहा गोधड्या 'नियमांची छाननी पूर्ण होईपर्यंत' जमा करून घेण्यात आल्या. तात्पुरत्या सभासदाला हॉलमध्ये बसता येतं, इतरांच्या सुया ओवून देता येतात, चहाचे कप विसळता येतात. फक्त लांब टेबल वापरता येत नाही. ऑपरेटरबाईंना त्याचं काही वाटलं नाही. आपण लाइनवर आहोत, आज ना उद्या कोणीतरी जोडून देईलच, अशी त्यांची समजूत होती.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र त्यांना त्या टेबलाची गरज पडली. घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच राहायच्या. ऑपरेशन झाल्यापासून धाकटीच्या अंगात थंडी मुक्कामाला आली होती. "डॉक्टरांनी आत एखादी खिडकी उघडी टाकलीय," असं ती म्हणायची. दुकानातून लोकरीचं ब्लँकेट आणलं तर ऑपरेशनच्या टाक्यांवर खाज सुटायची. गुळगुळीत आणलं तर ते घसरून पलंगाखाली जायचं. ऑपरेटरबाईंनी मऊ सुती तुकडे जोडून वरचा थर तयार केला. आता राहिला तिन्ही थर सपाट पसरून कच्चे टाके घालण्याचा एक दुपारचा कार्यक्रम. तो सपाट जागेशिवाय होत नाही. अस्तराला चुण्या पडतात. गुडघ्यांमुळे ऑपरेटरबाईंना जमिनीवर बसवत नव्हतं, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात उंचावरची सपाट जागा एकच होती, पलंग, आणि पलंगावर धाकटी होती.

तेव्हा पहिल्या गुरुवारी त्यांनी लांब टेबलासाठी अर्ज केला. अर्जात एक रकाना होता: 'आपले वैयक्तिक नियम (किमान पाच)'. त्यांनी तिथे 'नाहीत' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. दुसऱ्या गुरुवारी अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

त्या घरी येऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. "पाच नियम कुठून आणू गं?"

धाकटी दोन स्वेटर आणि ऑपरेटरबाईंचा जुना कोट घालून पडली होती. "आणायचेत कशाला? पाळतेसच की तू. दूध तापत असलं की शिवत नाहीस."

"ते उतू जातं म्हणून."

"कारण लिहायला जागा आहे का?"

जागा नव्हती. मग कामं भराभर झाली. एक, दूध तापत असताना टाका घालायचा नाही. दोन, दाराकडे पाठ करून बसायचं नाही (धाकटीची हाक ऐकू यायला हवी). तीन, सुई ओवताना बोलायचं नाही (दोरा ओठांत असतो). चार, चष्म्याशिवाय शिवायचं नाही. इथे गाडी अडली. पाचवा काही केल्या सुचेना.

"पाचवा मी सांगते," धाकटी म्हणाली. "लिही. जिने पांघरायची, तिला थंडी वाजत असताना शिवायचं नाही."

"का म्हणून?"

"शिवणारीचे हात थरथरतात. बघ ना, आत्तासुद्धा थरथरताहेत."

ऑपरेटरबाईंनी हात पदराखाली घेतले. त्यांना भीती वाटत होती, फार वाटत होती, आणि ती धाकटीला दिसू नये म्हणून त्या मोठ्याने हसल्या. मग धाकटीही हसली. हसता हसता त्यांनी पाचवा नियम लिहूनही टाकला. अर्ज शाईने भरायचा होता.

तिसऱ्या गुरुवारी अर्ज मंडळापुढे वाचला गेला. पहिल्या चार नियमांना मंडळाने रीतसर माना डोलावल्या. पाचवा वाचून झाल्यावर मात्र मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

"अहो, काय लिहिलंय हे तुम्ही! आम्ही चौदा वर्षं कात्रीतच अडकलो. पांघरणाऱ्याचा विचार कोणी केलाच नाही."

ग्रंथपालांनी तो नियम लाल शाईने उतरवून घेतला. बावीस सभासदांनी तो आपल्यालाही लागू करून घेतला. (उरलेल्यांपैकी तिघांना मूळ शब्दरचनेत स्वल्पविराम हवा होता.) लांब टेबल मंजूर झालं, नियमांच्या अधीन राहून. टाळ्या झाल्या. ऑपरेटरबाईंना एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी टाळी वाजवली नव्हती, त्या लाजून लाल झाल्या.

"गोधडी कोणासाठी आहे?" वकीलबाईंनी नोंदीसाठी विचारलं.

"धाकट्या बहिणीसाठी."

"त्यांना थंडी वाजते?"

"हो ना, म्हणून तर."

"अरेरे," सगळं मंडळ म्हणालं, आणि ते अगदी मनापासून म्हणालं.

वकीलबाईंनी खुर्ची जवळ ओढून त्यांना समजावलं. मंडळाने तुमच्यावर काहीच लादलेलं नाही, नियम तुमचा आहे. ऑपरेटरबाई म्हणाल्या, मग मी तो मागे घेते. तसं करता येत नव्हतं. जो मागे घेता येतो तो नियम कसला, तो नुसता विचार झाला. आणि विचारांची नोंद मंडळ ठेवत नाही. पण वाट बंद झालेली नव्हती. धाकटीला थंडी वाजत नाही एवढा दाखला आला की टेबल त्यांचंच. मंडळाला ऑपरेटरबाईंची इतकी काळजी होती की दाखला द्यायला माणूसही मंडळानेच नेमलं. दातांच्या डॉक्टरीणबाई अनुभवी होत्या, शिवाय थंडी त्यांच्याच खात्यातून ऐकू येते.

चौथ्या गुरुवारी डॉक्टरीणबाई घरी आल्या. तपासणीच्या कागदावर तीन चौकटी होत्या: होय, नाही, सांगता येत नाही.

"थंडी वाजते का?"

"हात लावून बघा," धाकटी म्हणाली.

हात लावायची चौकट नव्हती. डॉक्टरीणबाईंनी 'होय'वर खूण केली आणि कौतुकाने म्हणाल्या, "दात मात्र सुरेख ठेवलेत हं."

पाचव्या गुरुवारी धाकटीने खोटं बोलून बघितलं. ताईचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. "थंडी? छे! मला तर उकडतंय," ती म्हणाली. पण वाक्याच्या शेवटाला तिचे दात एकमेकांवर आपटले. अहवालात नोंद झाली, 'दात वाजतात. दात उत्तम आहेत.' चुकीची माहिती दिली तर खरं म्हणजे पंधरा दिवस पुन्हा तपासणी होत नाही, पण मोठ्या बाईंनी आजारपण ध्यानात घेऊन तेवढं माफ केलं. मंडळात माणुसकीला जागा आहे, तिचा फक्त वेगळा अर्ज करावा लागतो.

सहाव्या गुरुवारी ऑपरेटरबाईंनी कंबर कसली. सकाळपासून हीटर लावला. गरम पाण्याच्या दोन पिशव्या, तीन कप चहा, दोन स्वेटर, कोट, वर खिडकीचा पडदा काढून घातला. अडीच वाजता धाकटीच्या कपाळावर घामाचा एक थेंब दिसला. डॉक्टरीणबाईंनी तो प्रत्यक्ष पाहिला आणि 'नाही'वर खूण केली. ऑपरेटरबाई गुडघे विसरून लॉन्ड्रीचा जिना चढल्या. मागे डॉक्टरीणबाई पलंगाशी थांबल्या. परिस्थिती बदलली तर हॉलवर फोन करायचा आणि फोन वाजला की सुई थांबवायची, असं ठरलं होतं.

लांब टेबल खरंच सुंदर होतं. चौदा फूट, एकसंध, हातासारखं गुळगुळीत. (कमी वापरामुळे त्याची चकाकी टिकून आहे.) ऑपरेटरबाईंनी अस्तर पसरलं, त्यावर कापूस, त्यावर ते सगळे मऊ तुकडे. कुठे चुणी नाही. चष्मा लावला, दाराकडे तोंड केलं, न बोलता सुई ओवली. उरलेले सव्वीस सभासद श्वास रोखून बघत होते, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांनी गोधडी शिवताना कोणाला पाहिलंच नव्हतं. एक टाका. दोन. पाच. आठ. अकरा.

फोन वाजला.

ज्या बाईने उभ्या जन्मात फोन वाजू दिला नव्हता, तिने तो चार वेळा वाजू दिला आणि बाराव्या टाक्याकडे नुसतं बघत राहिली. मग उठून घेतला. "हीटरची वायर तापली म्हणून बंद केला," पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा सुरू झालंय त्यांना. तुम्ही जरा थांबा."

त्या थांबल्या. पाच वाजेपर्यंत टेबलाशी सुई धरून उभ्या होत्या. पाचला टेबल आवरायचं असतं. तिन्ही थर गुंडाळताना अस्तराला मध्यभागी मोठी चुणी पडली. वकीलबाईंनी जाता जाता त्यांच्या पाठीवर थोपटलं, म्हणाल्या, "अकरा टाके! वर्षाच्या सरासरीच्या कितीतरी वर आहेत."

घरी आल्या आणि गाठोडं कोपऱ्यात टाकून बाई पलंगाशी बसून रडल्या. धाकटीने कोटाच्या बाहीतून हात काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो बर्फासारखा गार होता.

"ताई, रडू नकोस गं. पुढच्या गुरुवारी बघू."

"तुला किती थंडी वाजतेय."

"वाजतेय खरी." मग धाकटीने, इतर काही बोलायला नव्हतं म्हणून, विचारलं, "तू आधी शिवल्या होत्यास त्या कुठे असतात गं? ती निळ्या काठांची होती ना, मला आवडायची."

"मंडळात आहेत. कपाटात."

"किती आहेत?"

"सहा," ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि त्यांचं रडणं मध्येच थांबलं. त्या आपल्या बहिणीकडे बघत राहिल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. सहा आठवडे त्यांनी अर्ज लिहिले होते, चहा उकळले होते, पडदे काढले होते, आणि दर गुरुवारी त्या काचेच्या कपाटाशेजारून ये-जा केली होती.

लॉन्ड्री सातला बंद होते. त्या पोचल्या तेव्हा हॉलमध्ये एकटे ग्रंथपाल कापडांच्या याद्या तपासत होते. "मला माझ्या दोन गोधड्या हव्यात," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पांघरायला."

ग्रंथपालांनी नियमवही चाळली. सहाशे अठ्ठेचाळीस नियमांत कपाटातली गोधडी पांघरण्याबद्दल एकही नियम नव्हता, कारण असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी वही मिटली. चाळीस वर्षं त्यांनी बंद कपाटांच्या किल्ल्या सांभाळल्या होत्या. वस्तू वापरायला कोणी मागतं, याचा त्यांना जवळजवळ विसर पडला होता.

"परत कधी?" त्यांनी सवयीने विचारलं.

"थंडी गेली की."

त्यांनी चिठ्ठीवर तारखेच्या जागी तसंच लिहिलं, शिक्का मारला, आणि दोन्ही गोधड्या स्वतः खांद्यावर घेऊन जिना उतरून दिल्या.

पुढचं थोडक्यात सांगता येईल. त्या आठवड्यात धाकटीला ऊब आली. ऊब आली तशी भूक आली, आणि चौथ्या दिवशी ती निळ्या काठांची गोधडी लपेटून खुर्चीत येऊन बसली. पलंग रिकामा झाला. ऑपरेटरबाईंनी त्यावर तिन्ही थर पसरले आणि एका दुपारीत कच्चे टाके घातले, दूध तापत असताना, दाराकडे पाठ करून आणि सुई ओवताना दोरा ओठांतून काढून बहिणीशी बडबडत. दोन वेळा दूध उतू गेलं. पक्के टाके पुढच्या चार दिवसांत मांडीवरच झाले. पुढच्या गुरुवारी त्या मंडळात गेल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

मंडळाने याचा अत्यंत योग्य अर्थ लावला. पांघरणाऱ्याची थंडी गेली आणि मगच गोधडी झाली, म्हणजे पाचवा नियम अक्षरशः पाळला गेला. एका सभासदाचा नियम पूर्णपणे पाळला जाऊन गोधडीही पूर्ण झाल्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच घटना असल्यामुळे तो नियम आता सर्वांना सक्तीचा आहे. तेव्हापासून हॉलमध्ये एकही टाका पडलेला नाही, आणि गोधडीमागच्या नियमांची सरासरी कधी नव्हे इतकी वर गेली आहे.

हसा, खुशाल हसा. पण एक आठवण करून द्यायची आहे. कपाटात गोधड्या आहेत, हे तुम्हाला चौथ्याच परिच्छेदात सांगितलं होतं, आकड्यासकट, डांबरगोळ्यांसकट. सहा त्या बाईंच्याच आहेत, हेही तिथून फार लांब नव्हतं. त्यानंतर सहा गुरुवार धाकटी तुमच्या डोळ्यांदेखत कुडकुडत होती, आणि तुम्ही दर गुरुवारी आशेने बघत होतात की आज तरी टेबल मिळतंय का. मंडळात ऑपरेटरबाईंची जागा रिकामी आहे. तुमच्यासारख्या माणसाला तात्पुरतं सभासदत्व घ्यायचीही गरज पडणार नाही. अर्ज तोच आहे, शाईने भरायचा. किमान पाच नियम.